सात पावसाळे उभी असलेली पिकअप घ्यावी का?

सत्तरी तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे: ‘वाळपईजवळच्या गावात आमचे कुळागर आहे. सुपारी, नारळ, केळी आणि थोडी मिरी असे उत्पन्न निघते आणि ते बाहेर न्यायला दर खेपेस भाड्याचा टेम्पो करावा लागतो. शेजारच्या वाड्यावर २००९ सालची टाटा २०७ डीआय पिकअप आहे. तिचे मालक खाणीवरच्या ठेकेदारांना सामान पुरवत असत. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. मालक दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा धाकटा मुलगा ती ४५,००० रुपयांना द्यायला तयार आहे आणि बॅटरी घातली की सुरू होईल असे सांगतो. आमच्या गावचा मेकॅनिकही इंजिन चांगले असल्याचे म्हणतो. गाडी घ्यावी का? घेतल्यास ती रस्त्यावर आणायला काय काय करावे लागेल? तिच्यातून चोर्ला घाटाने बेळगावला माल नेता येईल का? तिचा पांढरा रंग बदलून निळा करण्याचाही विचार आहे.’

तुमच्या पत्रात इंजिनाबद्दल दोन माणसांची ग्वाही आहे, परंतु आरसी, फिटनेस, विमा आणि ब्रेक यांच्याविषयी एक अक्षरही नाही. जुनी गाडी पाहायला गेलेल्या बहुतेकांचे असेच होते. बॉनेट उघडले जाते, कोणीतरी ‘मशीन ठणठणीत आहे’ असे म्हणतो आणि सौदा ठरतो. माझे मत याच्या अगदी उलट क्रमाचे आहे. २०७ चे २,९५६ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन दणकट आहे, त्याचे सुटे भाग मिळतात आणि ते उघडून बांधणारे मेकॅनिकही गोव्यात पुष्कळ आहेत. त्यामुळे ते या व्यवहारातले सर्वांत कमी काळजीचे प्रकरण आहे. गाडी घ्यावी की नाही हे आधी कागदांवर, नंतर चेसिसवर आणि त्यानंतर ब्रेकवर ठरवावे. या तिन्हींचा निकाल लागेपर्यंत त्या मुलाच्या हातावर विसाराचा रुपयाही ठेवू नये.

मालवाहू गाडीचे फिटनेस, ज्याला आपण सगळे ‘पासिंग’ म्हणतो, ते संपले की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे तिची नोंदणीही वैध मानली जात नाही. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी आणि त्यापुढे दर वर्षी घ्यावे लागते. म्हणजे २००९ ची ही गाडी २०१८ मध्ये दरसाल पासिंगच्या टप्प्यात आलेली होती आणि उभी राहिल्यानंतर वर्षभराच्या आतच तिचे प्रमाणपत्र संपले असणार. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे. दिवसाला ५० म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये, आणि सात वर्षे धरली तर १,२७,७५० रुपये. ज्या गाडीची किंमत ४५,००० सांगितली जाते, तिच्या नुसत्या विलंबशुल्काचा आकडा एवढा होऊ शकतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार इथे पाना हातात घेण्याआधीच सुरू होतो. या शुल्काला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान दिले गेलेले आहे, त्यामुळे एजंटांकडून ‘ते माफ होते’ किंवा ‘ते भरावेच लागते’ अशी दोन्ही उत्तरे तुम्हाला ऐकायला मिळतील. दोन्हींवर विसंबू नका. ज्या वाहतूक कार्यालयात गाडीची नोंद आहे तिथे आरसीची प्रत घेऊन जावे आणि रस्ता कराची थकबाकी, त्यावरील दंड, फिटनेसचे शुल्क आणि विलंबशुल्क असा एकूण आकडा कागदावर किंवा पोर्टलच्या पडद्यावर पाहूनच परतावे. १५ वर्षांवरील मालवाहू गाड्यांचे फिटनेस शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आणि त्यानंतरही वाढलेले आहे, हे मनाशी धरून जावे. मालकांनी गाडी वापरात नसल्याची सूचना त्या वेळी खात्याला दिली असेल तर तिची पोच मुलाला शोधायला सांगा. करापुरता तिचा उपयोग होऊ शकतो.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. आरसीवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा अजून दिसतो का आणि गाडीच्या नावावर ई-चलने थकली आहेत का, हे एम-परिवहन ॲपवरही कळते. कर्ज फेडलेले असते, परंतु बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ कोणी दिलेला नसतो, हे घरोघर दिसते. वित्तसंस्था दरम्यान बंद झालेली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असेल तर ना-हरकत पत्र मिळवण्यात महिने जातात, आणि ती धावपळ विकणाऱ्याने करायची आहे, तुम्ही नव्हे.

आता वारसाचा मुद्दा. मालक वारले आहेत, म्हणजे आज ही गाडी धाकट्या मुलाची नाही. तुमच्याकडे नाव येण्यापूर्वी ती फॉर्म ३१ द्वारे वारसाच्या नावावर चढली पाहिजे आणि त्यानंतरच फॉर्म २९ व ३० वर सह्या होऊन हस्तांतर होऊ शकते. गोव्यात यात एक जादा पदर आहे. आपल्या नागरी कायद्यातील समाईक मालमत्तेच्या पद्धतीत पतीच्या मागे अर्धा हिस्सा पत्नीचा असतो आणि उरलेल्या अर्ध्यात सर्व मुलांचा, लग्न होऊन गेलेल्या मुलींसह, वाटा असतो. म्हणून मालकांच्या पत्नी हयात असतील तर त्यांची, सर्व भावंडांची आणि विवाहित भावंडांच्या जोडीदारांचीही लेखी संमती घेतलेली बरी. वारसा दस्त आधीच झालेला असेल तर त्याची प्रमाणित प्रत मागून घ्यावी. पंचेचाळीस हजारांच्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाड्यावरचे लोक म्हणतील. परंतु गाडी दुरुस्त होऊन रंगरंगोटी करून रस्त्यावर धावू लागली की मगच मडगावच्या बहिणीला आपला वाटा आठवतो, आणि तोवर तुमचे लाखभर रुपये त्यात गेलेले असतात. मृत मालकाच्या नावाच्या कोऱ्या फॉर्मवर जुनी सही दाखवून हस्तांतर करून देणारी माणसे भेटतील. तो बनावट दस्त असतो आणि त्याचा गुन्हा तुमच्याही अंगावर येतो.

कागदांचा आकडा कळल्यावर, तो झेपणारा असेल तरच, गाडीखाली शिरावे. सोबत एक छोटा हातोडा, टॉर्च, पितळी ब्रश आणि केरोसीनमध्ये भिजवलेले फडके असू द्यावे. खाणपट्ट्यातल्या गाड्यांची एक खास व्याधी असते. लोहखनिजाची तांबडी धूळ चेसिसच्या खाचांत, कमानपाट्यांच्या टोकांशी आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्यांवर थराथराने बसलेली असते; ती पावसाळ्यात दमट हवेतली ओल धरून ठेवते आणि शेडखाली कोरड्या दिसणाऱ्या गाडीचे लोखंड आतून खात राहते. वरून रंग शाबूत असतो. म्हणून नुसते पाहून चालत नाही. कमानपाट्यांचे ब्रॅकेट, केबिन ज्या रबरांवर बसते त्यांच्या खालचे आधार, मागच्या ॲक्सलच्या वरची चेसिसची कमान आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसवलेला असतो तो भाग, एवढ्या जागी हातोड्याने हलकेच ठोकून पाहावे. निकोप लोखंड टणत्कार करते, सडलेले बद्द वाजते आणि पोपडे गाळते. हौदा सडला असेल तर तो नवा करता येतो, केबिनचा तळ वेल्डिंगने निभावता येतो. परंतु स्टिअरिंग बॉक्सजवळ किंवा पाट्याच्या ब्रॅकेटपाशी मूळ चेसिसच कुजली असेल तर तिथून परत फिरावे, मग मुलगा गाडी फुकट देत असला तरीही.

चेसिस नंबर तुम्ही स्वतः, आपल्या डोळ्यांनी, वाचलाच पाहिजे. बहुतेक पिकअपमध्ये तो उजव्या बाजूच्या चेसिसपट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो आणि नेमक्या त्याच जागी चिखल उडत असल्याने गंजतो. केरोसीनच्या फडक्याने तो भाग ओला करून थोडा वेळ थांबावे आणि मग पितळी ब्रशने हलक्या हाताने घासावे. ग्राइंडर किंवा पॉलिशपेपर कोणालाही लावू देऊ नका. आकडे पुसट झाले तर तपासनीसाला खाडाखोडीचा संशय येतो आणि तो रास्तही असतो. सतरा अंक-अक्षरे दिसू लागली की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवून ठसा घ्यावा, कारण पासिंगच्या वेळीही असाच ठसा घेतला जातो. त्या सतरांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात, म्हणून गोल दिसेल ते शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक समजावा. ठसा आरसीशी अक्षरशः जुळला पाहिजे. नंबर वाचण्यापलीकडे गेला असेल तर तो पुन्हा ठोकून घेण्यासाठी खात्याची रीतसर परवानगी लागते आणि तीही नोंदणीकृत मालकानेच मागायची असते. म्हणजे पुन्हा वारसांकडे जाणे आले. इंजिन नंबरही याच पद्धतीने जुळवावा.

एवढे सर्व पार पडल्यानंतर भावाचे बोलणे करावे. कर, दंड आणि विलंबशुल्क विकणाऱ्यांनी भरून आरसी वारसाच्या नावावर करून दिली तर ४५,००० रुपये ही वाजवी किंमत आहे. तो बोजा तुमच्यावर येणार असेल तर भंगारवाला वजनावर जे देईल त्याच्या वर जाऊ नका. आणि विलंबशुल्क खरोखरच लाखाच्या घरात निघाले, तर मी ही गाडी घेणार नाही; तेवढ्याच एकूण पैशात पासिंग चालू असलेली, रोज धावणारी जुनी पिकअप म्हापशात किंवा फोंड्यात शोधावी.

सौदा झाला असे धरून पुढचे सांगतो. गाडी शेडमधून गॅरेजमध्ये स्वतःच्या चाकांवर नेऊ नका. तिला विमा नाही, फिटनेस नाही आणि ब्रेक आहेत की नाहीत हे कोणालाच माहीत नाही. टोचन करून न्यायचे म्हटले तरी मागच्या गाडीत बसलेल्याला उतारावर थांबता आले पाहिजे. सपाट हौद्याच्या रिकव्हरी गाडीवर चढवून न्यावी, किंवा मेकॅनिक तयार असेल तर पहिले सगळे काम शेडमध्येच उरकावे. विम्याविना सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणल्याचा पहिला दंड २,००० रुपये आहे, पण खरी भीती दंडाची नाही. धक्का लागून कोणी जखमी झाले तर भरपाईची संपूर्ण रक्कम मालक म्हणून तुमच्याकडून वसूल होते आणि तिला वरची मर्यादा नसते.

ब्रेकच्या कामाला मी इंजिनाच्या आधी हात लावायला सांगतो, आणि मेकॅनिक कुरकुर करेल तरी हा क्रम सोडू नका. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. सात पावसाळ्यांत त्यात इतके पाणी गेलेले असते की व्हील सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला गंजाचे खड्डे पडतात. मागचा ड्रम निघता निघत नाही, कारण लायनर त्याला चिकटून बसलेले असतात. तेव्हा ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी आळीपाळीने ठोकावे, एकाच जागी घणाचे घाव घालू नयेत. ड्रम निघाल्यावर व्हील सिलिंडरच्या टोकाचे रबरी टोपण नखाने उचलून पाहा. आत कोरडे असेल तर ठीक. तपकिरी पाणी ओघळले तर तो सिलिंडर बदलायचाच, नुसते रबर किट घालून भागवायचे नाही. त्यानंतर चेसिसवरून मागे जाणारी लोखंडी ब्रेकनळी तपासावी. ती जिथे क्लिपांमध्ये अडकवलेली असते तिथेच तांबडी धूळ साठते, म्हणून क्लिप उघडून नळीवरून अंगठ्याचे नख ओढावे. पापुद्रा निघाला तर संपूर्ण नळी नवी टाकावी, मधला तुकडा कापून जोड मारू नये. चाकांपाशी येणारे रबरी होजपाइप, मास्टर सिलिंडर, लायनर आणि हँडब्रेकची केबल यांचीही पाळी येणारच आहे, तेव्हा हिशेबात ती आधीच धरावीत. सर्व जोडून झाल्यावर नवे ब्रेक ऑइल भरून चारी चाकांच्या ब्रेकनळ्यांतली हवा काढावी आणि पेडल दाबून मिनिटभर पाय तसाच रोवून ठेवावा. पेडल हळूहळू खाली जात राहिले तर कुठेतरी गळती आहे.

एक गोष्ट मेकॅनिक सांगत नाहीत, म्हणून इथे सांगतो. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरसाठी, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यासाठी, लागणारी पोकळी आपोआप तयार होत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बहुतेक पिकअपमध्ये तो डायनामोच्या पाठीशी बसवलेला असतो, आणि दीर्घकाळ पडून राहिल्यावर त्याची ऑइल सील किंवा रबरी नळी कोरडी पडते. असे झाले की ब्रेक लागतात, परंतु पेडल दगडासारखे घट्ट होते. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारावे, मग पायाचा दाब कायम ठेवून इंजिन सुरू करावे; पेडल किंचित खाली गेले पाहिजे. जात नसेल तर पंप आणि नळी पाहून घ्या. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडण्याची आपल्याकडची डिझेल वाचवण्याची सवय का घातक आहे, हेही यावरून लक्षात येईल.

इंजिनाकडे वळल्यावर पहिला नियम असा की बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांनी त्यात घर केलेले असण्याचा संभव मोठा आहे, आणि जिथे उंदीर तिथे साप, म्हणून हात घालण्यापूर्वी टॉर्च आणि काठी वापरा. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने माती भरली आहे का तेही पाहा. मग ऑइलचा ड्रेन बोल्ट अगदी सावकाश सैल करून सुरुवातीचे पेलाभर द्रव पारदर्शक बाटलीत धरा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने चेंबरमध्ये ते तळाशी बसते आणि पहिल्यांदा तेच बाहेर येते. थेंबभर पाणी हे दमट हवेचे असते आणि त्याचे विशेष काही नाही. पेलाभर पाणी आले तर मात्र हेड गॅस्केट किंवा वरून गळलेले पावसाचे पाणी याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडावे आणि ते एक-दोन दिवस मुरू द्यावे. गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने हाताने फिरवून पाहावे. सलग दोन फेरे सहज झाले तर तुमच्या मेकॅनिकची ग्वाही खरी ठरली. अडकले तर पान्याला पाइप लावून जोर करण्याऐवजी आणखी ऑइल सोडून थांबावे आणि अधूनमधून पुढे-मागे किंचित हलवत राहावे. गंजाने चिकटलेल्या रिंगा अशाच सुटतात आणि जोर केला की मोडतात. या अवस्थेत टोचन मारून किंवा गाडी उतारावर लोटून इंजिन सुरू करण्याचा सल्ला देणारे दहाजण जमतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करून उतरवून धुऊन घ्यावी. सात वर्षांच्या डिझेलच्या तळाशी हवेतल्या ओलीचे पाणी जमते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो. तो फिल्टरमधून डिझेल पंपापर्यंत गेला की पंप-नोझलच्या दुकानाचे बिल टायरांच्या बिलाशी स्पर्धा करते. टाकीतली जाळी, नळ्या आणि दोन्ही फिल्टर नवे घालावेत आणि नोझल काढलेलेच आहेत तर त्यांची फवारणी तपासून घ्यावी. पंपाचे काम घरगुती मेकॅनिककडून करून घेऊ नये. त्याच्या आतले भाग जुन्या डिझेलच्या डिंकाने चिकटलेले असतील तर सुरू झालेले इंजिन चावी फिरवूनही बंद होत नाही आणि आपणहून वेग वाढवत जाते. हे क्वचित घडते, परंतु घडले तर काही क्षणांत इंजिनाचे तुकडे होतात. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टरचा पाइप काढलेला असावा आणि त्या तोंडावर दाबून बसेल अशी जाड लाकडी फळी एका माणसाच्या हातात असावी. हवा तोडली की इंजिन थांबते. तळहात किंवा कापड वापरू नये, ते आत ओढले जाते.

नवे ऑइल, नवा ऑइल फिल्टर आणि रेडिएटरमध्ये स्वच्छ पाणी भरून, डिझेल बंद ठेवून, थोडा थोडा वेळ सेल्फ मारावा, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढेल आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेल. त्यानंतरच डिझेल सोडून लाइनमधली हवा काढावी. सुरुवातीचा पांढरा-निळा धूर पंधरा-वीस मिनिटांत ओसरला पाहिजे. पहिल्याच दिवशी रेडिएटरचे पाणी गंजाने लाल होईल. ते दोन-तीनदा बदलून मगच कूलंट घालावे आणि पाण्याचे सर्व रबरी होज व फॅनबेल्ट नवे घालावेत.

बाकीची यादी लांब असली तरी तिच्यात विचार करण्यासारखे थोडे आहे. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर गिअर पडणारच नाही. ती सोडवता येते, पण एवढ्या वर्षांची प्लेट बदललेली बरी. गिअरबॉक्स आणि मागच्या हौजिंगचे ऑइल, चाकांच्या बेअरिंगचे ग्रीस, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि टाय रॉडचे एन्ड हे सगळे एकाच खेपेत करावे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगला टेप गुंडाळत बसण्यापेक्षा नवे वायरिंग घालणे स्वस्त पडते, कारण शॉर्ट होऊन पेटलेल्या पिकअपचा विमाही वादात जातो. टायरांवर मळ पुसल्यावर चार आकडे दिसतात, उदाहरणार्थ २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी उभ्या गाडीचे जुने टायर बाजूने चिरलेले असतात आणि भरलेल्या मालाखाली फुटतात. स्टेपनीसह पाच टायरांना साधारण तीस ते चाळीस हजार आणि बॅटरीला सहा ते नऊ हजार रुपये धरा. ब्रेक, टायर, डिझेलचे काम आणि वायरिंग मिळून खर्च लाखाच्या खाली राहिला तर मेकॅनिक प्रामाणिक आहे असे समजा.

पासिंगला जाताना दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि आरसे चालू असावेत, समोर पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या लावलेल्या असाव्यात, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी आणि विमा व पीयूसी तयार असावे. मालवाहू गाडीचा नुसता तृतीय पक्ष विमाही स्वस्त नाही. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत ७,५०० किलोपर्यंतच्या सार्वजनिक मालवाहू गाडीला तो १६,०४९ रुपये आणि वर कर असा होता. हे दर वर्षी लागणार आहे, दर वर्षीचे पासिंगही आहेच, म्हणून भाड्याच्या टेम्पोला वर्षभरात तुम्ही खरोखर किती देता तो आकडा एकदा वहीतून काढून शेजारी ठेवा. कुळागराच्या हंगामापुरत्या मोजक्या खेपा असतील तर स्वतःची गाडी परवडत नाही, आणि हे मी गाडीचा शौक असलेल्या माणसालाच सांगतो आहे.

गाडी चालवण्यासाठी तुमच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना असेल तर तो पुरतो. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. आरसीवरचे मालासहित एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर मालवाहतुकीचा परमिटही लागत नाही, म्हणजे कर्नाटकात माल नेण्याला त्या बाजूने अडचण नाही. रंगाचे म्हणाल तर तो आरसीवर नोंदलेला असतो. खात्याची परवानगी घेऊन आणि आरसीत बदल नोंदवूनच तो बदलता येईल. तूर्त पांढराच ठेवा आणि ते पैसे ब्रेककडे वळवा.

चोर्ला घाट मात्र पहिले काही महिने टाळावा. आधी वाळपई–सांखळी–डिचोली अशा रोजच्या रस्त्यांवर रिकामी, मग अर्ध्या मालाची गाडी चालवावी. प्रत्येक खेपेनंतर चाकांच्या ड्रमजवळ हाताचा मागचा भाग धरून चारी चाकांची ऊब ताडून पाहावी. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही असे समजावे. नव्या बसवलेल्या चाकांचे नट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, ब्रेक ऑइलच्या डबीवर पातळीची खूण करून ती दर आठवड्याला पाहावी आणि इंजिन ऑइल पहिल्या हजार किलोमीटरलाच बदलून टाकावे, कारण आत सुटलेला सगळा गंज त्यात आलेला असतो. या काळात ब्रेक ऑइलची पातळी उतरली नाही आणि पाणी तापले नाही, तर घाटाला जाण्यास हरकत नाही. पहिल्या वेळी अर्धाच माल भरा आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.